खोलीचा आवाज

“आता तीस सेकंद बोलायचं नाही हं आत्या. हलायचंही नाही.”

“मी? गप्प?” आत्या म्हणाली. “आजवर अख्ख्या घराला जमलं नाही, ते तुझ्या मशीनला जमणार होय?”

आमच्या फिल्मच्या कोर्सच्या सरांचा हा नियमच होता. मुलाखत संपली की खोलीचा नुसता आवाज वेगळा रेकॉर्ड करून घ्यायचा. प्रत्येक खोलीला स्वतःचा आवाज असतो. एडिटिंग करताना वाक्यं कापली की मध्ये भोकं पडतात, ती याने बुजवायची. ही खोली म्हणजे हॉस्पिटलची शिवणखोली. फाटक्या चादरींना ठिगळं लावत आत्याने इथे आयुष्य काढलं. मी हेडफोन घातला. लांबची लिफ्ट, पाइपातलं पाणी. आत्याला मात्र हसू आवरेना. ओठ घट्ट मिटले, मान वळवली, डोळे पाण्याने भरले, हनुवटी थरथरली. पण पठ्ठीने तीस सेकंद पार पाडले. कॅमेरा बंद करायचं मी विसरले होते. तो तिच्यावरच रोखलेला होता.

विसरण्यात माझा हात कोण धरणार! पहिल्या दिवशी माइकचं बटणच दाबलं नाही. तासभर आत्या नुसते ओठ हलवतेय. दुसऱ्या दिवशी फोकस मागच्या चादरींवर. चादरींची शिवण न् शिवण स्पष्ट आणि आत्या धूसर. “बरंय की,” ती म्हणाली, “माझ्यापेक्षा चादरीच देखण्या आहेत.”

तिसऱ्या दिवशी सगळं जमलं आणि मी ठेवणीतला प्रश्न विचारला. आजोबा गेले तेव्हा आत्या सोळा वर्षांची होती, बाबा अकरा. तिची शाळा सुटली, ती शिलाई मशीनवर बसली आणि बाबा शिकून इंजिनियर झाले. मी म्हटलं, “बाबांसाठी तुझी शाळा सुटली. राग नाही येत?”

“छे गं! गणिताने मला रडकुंडीला आणलं होतं. शाळा सुटली त्या दिवशी दोन दोन पायऱ्या उड्या मारत जिना उतरले मी. तुझा बाप उगाच भाव खातो, म्हणे माझ्यासाठी सोडली. सांग त्याला, तुझ्यासाठी नाही, भूमितीसाठी!”

एडिटिंगचं सॉफ्टवेअर शिकायला मला दोन आठवडे लागले. कधी चित्र पुढे पळायचं, आवाज मागे राहायचा. एकदा तर अख्खी मुलाखतच उडाली आणि मी ढसाढसा रडले. ती नुसती दुसऱ्या फोल्डरमध्ये होती. शेवटी फिल्म उभी राहिली. वर्गातले म्हणाले, “गोड आहे.” सर म्हणाले, “गोड आहे, पण यात टोचतं काय?”

मग मी ते केलं. माझा प्रश्न ठेवला, तिचं उत्तर उडवलं आणि त्या जागी गप्प बसलेली आत्या चिकटवली. अकरा सेकंद. माझ्याच अंगावर काटा आला. मला कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. चांगलं कळत होतं.

फिल्म दाखवली त्या दिवशी टाळ्या थांबेनात. आत्याने मला कोपर मारलं. “अगं, ते तर मी हसू दाबत होते!” तिच्या पलीकडे बाबा चष्मा काढून बसले होते.

घरी आल्यावर ते तिला म्हणाले, “चुकलं माझं. इतकी वर्षं तू एका शब्दाने बोलली नाहीस.”

“अरे वेड्या, या कार्टीनेच मला सांगितलं होतं, गप्प—”

“राहू दे. आता तरी माझं मन राखू नकोस.”

मी तिथेच उभी होते. खरं तेव्हाच सांगता आलं असतं. लाज वाटते सांगायला, पण टाळ्या अजून कानात होत्या.

सकाळी मात्र मी लॅपटॉप घेऊन बाबांसमोर बसले, सगळं कबूल केलं आणि तिचं खरं उत्तर लावलं. उड्या, जिना, भूमिती, सगळं. त्यांनी ते शेवटपर्यंत पाहिलं.

“हे ती मला नेहमीच सांगते,” ते म्हणाले. “गप्प बसलेली मात्र मी तिला पहिल्यांदाच बघितली.”

“बाबा, मी सांगितलं म्हणून बसली होती ती!”

“आणि डोळ्यांत पाणी? तेही तूच आणायला सांगितलंस?”

“हसू होतं हो ते!”

त्यांनी लॅपटॉप हलकेच मिटला आणि आंघोळीला गेले. मी त्यांच्याशी खोटं बोलले तेव्हा त्यांना ते पटलं, आणि खरं सांगितलं तर ते मला समजूत घालणारी शहाणी पोर समजले. फिल्मला बक्षीस मिळालं. मी ते कपाटात उलटं ठेवलंय.

आत्या दर रविवारी येते. पूर्वी दारात पाऊल पडायच्या आत बाबा ओरडायचे, “आल्या का सुईबाई!” आणि ती तिथूनच त्यांच्या टकलाचा उद्धार करायची. दिवसभर दोघं भांडायची. आई वैतागायची.

परवा ती आली तेव्हा बाबा पेपर बाजूला ठेवून उठून उभे राहिले.

“ये ताई. इथे बस.”

“ताई कोण रे?” आत्या हसली. मग त्यांच्याकडे पाहून थांबली. “बस की. मी काय साहेब आहे?”

बाबा बसले नाहीत. स्वतःची खुर्ची तिच्यासाठी पुढे ओढून खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. आत्याने एकदा माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. मग पर्स मांडीवर घेऊन ती पाहुण्यासारखी खुर्चीच्या कडेवर बसली.