पडद्यामागची खुर्ची

बाल्कनीचं दार जोरात ओढलं की आतली कडी आपसूक पडते, ती काढून टाका, असं सासऱ्यांनी तिला मागेच सांगितलं होतं. तिने “बघू हो बाबा” म्हणून ते कानाआड केलं. तसं धोके हुडकण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. टेबलाच्या कोपऱ्यांना रबर, प्लगच्या भोकांना झाकणं. लेक रांगायला लागल्यापासून ती डोळ्यांत तेल घालून बसायची. पण ही सगळी राखण गुडघ्याच्या उंचीची होती. बाबा तिच्यापेक्षाही उंच.

नवऱ्याची बदली झाली होती आणि तो पुढे गेला होता. मागे हिला घर भाड्याने द्यायचं होतं. बाबांनी बजावलं होतं, तुझ्या सासूबाईंच्या हातच्या कुंड्या जपणारं कुटुंब मिळालं तर मी येईन, नाहीतर तुम्ही सुखाने जा. म्हणून फोटो असे हवे होते, की चांगली माणसं आपणहून फोन करतील.

तिने घरांचे फोटो काढणारी बाई बोलावली. फोटोवालीने आल्या आल्या विचारलं, कसे काढायचे? पडदे लावून, माझे मोठे दिवे लावून, मासिकातल्यासारखे चकचकीत? की पडदे उघडून, आहे त्या उजेडात, आहे तसं घर? हिने क्षणाचाही विचार न करता चकचकीत सांगितलं.

मग आवराआवर सुरू झाली. खेळणी पलंगाखाली गेली, औषधांचा ट्रे कपाटात, बाबांचं कानाचं यंत्र चार्जरसकट ड्रॉवरमध्ये. राहता राहिले बाबा आणि त्यांची वेताची खुर्ची.

“बाबा, जरा बाल्कनीत बसता का? फोटोत येताय.”

त्यांना हातवारे कळले. ते खुर्ची उचलून बाल्कनीत गेले. हिने दार ओढलं, फोटोवालीने जाड पडदा सारला.

लेकीला कडेवर घेऊन ती दिव्यांच्या मागे मागे फिरत राहिली. शेवटी कॅमेऱ्यात फोटो पाहिले. एक सुरकुती नाही, एक डाग नाही. एखाद्या हॉटेलची खोली असावी तसं घर.

“इथे कोणी राहतं असं वाटतच नाही,” ती हिरमुसून म्हणाली.

फोटोवालीला हे नवीन नसावं. “मग दुसरी पद्धत. पडदा उघडू?”

पडदा म्हटल्याबरोबर तिला बाबा आठवले. शेजारणीकडेही मूल न सोपवणाऱ्या त्या बाईने लेक सरळ फोटोवालीच्या हातात दिली आणि धावली. पडदा ओढला. कडी पडलेली होती आणि काचेपलीकडे ऊन रणरणत होतं.

बाबा खुर्चीत होते, हनुवटी छातीला टेकलेली. डोक्यावर नातीची फुलाफुलांची टोपी, गळ्यात तिचंच ओलं लाळेरं, पाय झाडांच्या पाण्याच्या बादलीत. तिने दार उघडून त्यांचा खांदा हलवला. पुन्हा हलवला.

“झाले का फोटो?” बाबांनी डोळे उघडून विचारलं.

ती तिथेच फरशीवर बसली. हसू आणि रडू एकदमच आलं, कुठलं आधी पुसावं कळेना. दार का नाही वाजवलंत, हे तिने दोनदा ओरडून विचारलं.

“वाजवलं की. मग थांबलो. म्हटलं, फोटोत आवाज यायचा.”

दोरीवर टोपी होती, बादलीत पाणी होतं, एवढ्यावर आपण छान डुलकी काढली, असं त्यांनी सांगितलं. कडीचं नाव काढलं नाही. नुसतं एकदा कडीकडे आणि एकदा सुनेकडे पाहिलं, तेवढं पुरलं.

पडदे मग उघडेच राहिले. खेळणी पलंगाखालून बाहेर आली. फोटोवालीने आहे त्या उजेडात घर टिपलं आणि बाल्कनीच्या फोटोत कुंड्यांमध्ये बाबा बसलेले, टोपीसकट. ती काढायला ते तयार होईनात. त्याच फोटोवरून फोन आला. पलीकडची बाई विचारत होती, ती खुर्ची ठेवून जाल का, आमच्या आईला तिथे बसायला आवडेल. आणि कुंड्यांना पाणी सकाळी घालता की संध्याकाळी?

यंत्र कानात घालून बाबांनी फोन स्वतःकडे घेतला. कुठल्या झाडाला किती पाणी, हे सांगून संपल्यावर ते उठले आणि आपली बॅग कुठे आहे म्हणून विचारू लागले. तिने इतक्या दिवसांनी सुटकेचा निःश्वास सोडला. कडी तर फोटोवाली जिना उतरायच्या आतच तिने काढून टाकली होती.

आता तुमचं. पाहुणे यायचेत, फोटो काढायचेत, काहीही निमित्त असो, आज कोणाला “जरा तिकडे बसता का” म्हणाला असाल, तर हे वाचणं बाजूला ठेवा. नुसती हाक मारू नका, यंत्र ड्रॉवरमध्ये असेल. उठा, जाऊन बघून या.