दाजींचं थांबणं

दाजी पुन्हा थांबले.

अन्सेल्मोने मान वर केली नाही. बानी गावात, दुकानापुढच्या बदामाच्या झाडाखाली डोमिनो खेळताना भिडूशी बोलायचं नाही, असा दंडक होता. बोलायचं ते थांबण्यातून. रांगेच्या दोन टोकांपैकी एकाला जुळणारी सोंगटी लावताना भिडू रेंगाळला, तर त्याच आकड्याची आणखी एक त्याच्या हातात आहे, असं समजायचं. अन्सेल्मो आणि त्याच्या बहिणीचा नवरा तेओफिलो या खुणेवर वर्षानुवर्षं जिंकत आले होते.

हल्ली मात्र ही खूण खोटी निघत होती. दाजी पाच लावताना थांबायचे, अन्सेल्मो पाचाची वाट मोकळी ठेवायचा, आणि पुढच्या फेरीला हातात पाच नसल्याने दाजी म्हणायचे, "पास."

समोरच्या जोडीत दाजींचा जावई वेन्तुरा होता. जावयासाठी सासरा मुद्दाम हरतोय, ही कुजबुज अन्सेल्मोने आधी उडवून लावली होती. आज तो ठरवून आला होता. हा डाव गेला, की चारचौघांत जोडी मोडायची. बहिणीच्या घरचं येणंजाणं तुटलं तरी बेहत्तर.

"मामा, घाम फुटला का?" वेन्तुराने डिवचलं.

"तुझ्या सासऱ्यांना विचार. त्यांनाच आज फार विचार पडलाय."

"खेळा हो तेओफिलो," वेन्तुराचा भिडू कुको म्हणाला, "का खाट टाकू?"

दाजी मान पुढे काढून टेबलाकडे बघत होते. अन्सेल्मोने रागाने त्यांच्या हाताकडे पाहिलं आणि त्याची नजर तिथेच अडकली. दाजींचा अंगठा सोंगटीवरून फिरत होता, एकेका ठिपक्याच्या खळगीत टेकत होता. हातातलं ते चाचपून ओळखत होते. टेबलावरचं चाचपता येत नव्हतं.

दाजींनी अंदाजाने सोंगटी पुढे सरकवली. ती बसली. वेन्तुरानेही आपली लावली.

अन्सेल्मोची पाळी आली. त्याने सोंगटी टेबल हादरेल अशी आपटली.

"चार! इकडे चार, तिकडे दोन! या आता!"

बघे चमकले. अन्सेल्मो कधी ओरडत नसे. कुकोने गुपचूप सोंगटी लावली.

"एक लावलास होय रे? एक आणि दोन! एवढाच का दम?"

कुकोची सोंगटी स्थिरावते न स्थिरावते तोच दाजींनी आपली लावली.

"मामा, तोंड मिटून खेळायचं तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला?" वेन्तुरा चिडून म्हणाला.

"सगळ्यांना दिसतंय तेच तर सांगतोय, जावईबापू. तुम्हाला का झोंबतंय?"

डाव संपेपर्यंत तो प्रत्येक सोंगटीमागे ओरडत राहिला. डाव त्यांनी जिंकला. मागे कुणीतरी म्हणालं, "म्हाताऱ्याला माज आलाय."

सोंगट्या पिसण्याच्या खडखडाटात दाजी पुढे वाकले.

"पुढच्या डावालाही असाच ओरडणार?"

"हो, दाजी."

दाजींनी अंदाजानेच आपल्या सोंगट्या ओढून घेतल्या.

"मग तुझ्या डाव्या हाताचं टोक आधी सांगत जा," ते म्हणाले. "गोंधळ होतो."