गाड्यांसाठी प्रार्थना

सकाळी सव्वासात वाजले की भालेरावांच्या घरात चहाच्या कपांवर बशा झाकल्या जायच्या आणि विश्वासराव खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहायचे. गोत्रीच्या त्या गुजराती-मराठी सोसायटीत बाकीच्या घरांतून आरत्या, बातम्या आणि कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या. या घरातून ट्रकचे नंबर ऐकू यायचे.

विश्वासराव मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात माल पाठवायच्या खात्याचे सुपरवायझर. कामावर निघण्याआधी प्रार्थना करायची हे त्यांना वडिलांनी शिकवलं होतं. ती मोघम करायची नाही हे त्यांनी स्वतः ठरवलं. नुसतं 'आजचा दिवस सांभाळ' म्हणणं म्हणजे आपलं काम देवावर ढकलणं, असं त्यांचं स्पष्ट मत. "हे प्रभू, इंदूरची गाडी नऊला भरायची आहे, क्रेनची साखळी तेवढी बघ. नाशिकच्या ड्रायव्हरची दाढ ठणकते आहे, त्याला घाटात तरी आराम दे." एरवी घरात ते फारसं बोलत नसत. जे सांगायचं ते देवाला सांगत, आणि बायको कौमुदी आणि मुलगी इरा यांनी ते मिटल्या डोळ्यांनी ऐकून घ्यायचं, अशी बावीस वर्षांची सोय होती. दोघी एकदाही त्या कारखान्यात गेल्या नव्हत्या, पण ड्रायव्हरांची दुखणीखुपणी दोघींना तोंडपाठ होती.

नव्व्याण्णव सालच्या नोव्हेंबरात एका शनिवारी कंपनीने पत्र दिलं. माल पाठवायचं काम यापुढे ठेकेदार बघणार. एकोणीस जणांची सोमवारपासून गरज नाही. पुढील आयुष्यासाठी शुभेच्छा. विश्वासराव पत्र खिशात घालून घरी आले. इराचं बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष होतं. तिची परीक्षा होईपर्यंत घरात काही कळू द्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. खरं म्हणजे त्यांना लाज वाटत होती, पण परीक्षेचं कारण जास्त बरं दिसत होतं.

माणसांपासून लपवणं त्यांना जड नव्हतं. न बोलण्याचा सराव दांडगा होता. पण सोमवारी सव्वासाताला प्रार्थनेला उभं राहायचं होतं. देवाशी खोटं ते जन्मात बोलले नव्हते. बरं, प्रार्थनाच टाळावी तर कौमुदीने लगेच डॉक्टरला बोलावलं असतं. त्यांनी खुर्ची घट्ट धरली. "हे प्रभू, आज सोलापूरची गाडी आहे, माल नाजूक आहे. भरणाऱ्यांचे हात सांभाळ." शब्द न शब्द खरा होता. गाडी होतीच. भरणाऱ्यांत आपण नाही, हे देवाला वेगळं सांगायची गरज नव्हती. त्याला पत्राची माहिती असणारच.

मग डबा घेऊन स्कूटरवरून ते मांडवीला वाचनालयात गेले आणि पाचपर्यंत वर्तमानपत्रं वाचत बसले. दुसऱ्या दिवशीही तेच. अडचण अशी, की गाड्यांचं वेळापत्रक त्यांना बुधवारपर्यंतचंच ठाऊक होतं. गुरुवारी देवाला सांगायला खरं असं काही उरत नव्हतं.

बुधवारी संध्याकाळी त्यांनी कारखान्याच्या फाटकासमोरच्या चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, हेरंबला गाठलं. हेरंब स्टोअरमध्ये होता, आणि स्टोअरला ठेकेदाराचा हात अजून लागला नव्हता.

"केम विश्वासराव! इकडे कुठे?"

"उद्याच्या गाड्या कुठल्या?"

"तुम्हाला आता काय करायचंय त्यांचं?"

"प्रार्थनेला लागतात."

हेरंबच्या घरी दहा दिवसांचा गणपती असे. देवाला काय काय लागतं याची त्याला कल्पना होती. त्याने सिगारेटचं पाकीट उलटं करून त्यावर लिहून दिलं. "कोटा, सुरत, जळगाव. जळगावची गाडी खटारा आहे हां, तिच्यासाठी बराबर करा."

असे आठ दिवस निभावले. एका संध्याकाळी हेरंब जरा घुटमळला. "पुढच्या महिन्यात स्टोअरवाल्यांना काढायची पाळी आहे म्हणतात. गाड्यांच्या जोडीला माझंही नाव घाला ना." विश्वासरावांनी घातलं, आणि ते ऐकताना इराने एक डोळा किंचित उघडून आईकडे पाहिलं.

शुक्रवारी हेरंब हात हलवत आला. "यादी आता ठेकेदाराच्या कॉम्प्युटरमध्ये असते. आमच्याकडे येतच नाही. काय करणार?"

शनिवारी सव्वासाताला बशा झाकल्या गेल्या. विश्वासराव उभे राहिले. "हे प्रभू," म्हणाले, आणि पुढे काही नाही. एखादी गाडी रचून सांगावी असं मनात आलं. वापीची सांगितली असती तर कुणाला कळलं असतं? जीभ उचलेना. शेजारच्या घरातल्या बातम्या संपून जाहिराती लागल्या.

"हे प्रभू," ते अखेर म्हणाले, "मला कामावरून काढलंय. तुला माहीतच आहे. आज मला कुठेच जायचं नाही."

आता फक्त आमेन म्हणायचं राहिलं होतं. पण आमेन म्हटलं की दोघी डोळे उघडणार आणि आपल्याकडे पाहणार, या विचाराने त्यांनी तो शब्द लांबवला. ते तसेच उभे राहिले. आयुष्यात इतकी भीती त्यांना कधी वाटली नव्हती.

मग कौमुदी बोलू लागली. या घरात मोठ्याने प्रार्थना करायची तिची ही पहिलीच वेळ, त्यामुळे आवाज जरा वर लागला. "हे प्रभू, मला गेल्या मंगळवारीच भाजीबाजारात कळलं होतं. हे आपण होऊन सांगतील म्हणून मी थांबले. कळत असून रोज डबा भरून दिला, यांना उन्हातान्हात बाहेर काढलं, त्याची मला क्षमा कर. इराला मीच गप्प बसवलं होतं, तिचा दोष नाही." ती थांबली. "फार थकलेत रे हे. आज यांना घरीच राहू दे. येशूच्या नावाने मागते."

"आमेन," इरा म्हणाली.

विश्वासरावांनी हळूच डोळे उघडले. आमेन होऊनही दोघींनी आपले डोळे घट्ट मिटून ठेवले होते, त्यांना भिजलेलं तोंड पुसायला वेळ मिळावा म्हणून.