चार बोटांचा वाक

आमच्या घरात एक प्रश्नपत्रिका आहे. वय वर्षं दहा. ती माझी नात. तिचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर आहे, पण घरात ते कुणी वापरत नाही. सकाळी डोळे उघडल्यापासून ती प्रश्न विचारते आणि एकही प्रश्न आम्हाला ऑप्शनला टाकू देत नाही.

पुढच्या महिन्यापासून तिला नव्या शाळेत जायचं होतं. दोन बस बदलून आणि एकटीने. सूनबाईला आतापासूनच काळजी लागली होती. म्हणून मी एक नियम काढला. दर शनिवारी प्रश्नपत्रिकेने मला शहरात कुठेतरी न्यायचं. वाट तिने शोधायची, बस तिने ओळखायची. मी नुसता सोबत. ती चुकली तरी मी तोंड उघडायचं नाही. चौतीस वर्षं चौथीचा वर्ग शिकवून मला एवढं कळलंय, की वाट सांगितलेलं पोर वाटेकडे बघत नाही, सांगणाऱ्याच्या तोंडाकडे बघतं.

तीन शनिवार छान गेले. चौथ्या शनिवारी सकाळी पेपरात चार ओळींची बातमी आली. फुटबॉलच्या मोठ्या स्टेडियमवरचं गवत रविवारी पहाटे उखडणार होते. त्या जागी प्लास्टिकचं हिरवं जाजम अंथरायचं होतं, कारखान्यातूनच पांढऱ्या रेघा विणून आलेलं. ज्यांना जुनं मैदान शेवटचं पाहायचं असेल त्यांच्यासाठी शनिवारी दुपारी चारपर्यंत फाटक उघडं राहणार होतं.

मी पेपर घडी करून खिशात घातला.

"आज कुठे?" प्रश्नपत्रिकेने विचारलं.

"स्टेडियमला. चारच्या आत."

"मॅच आहे?"

"नाही. एक रेघ बघायची आहे."

माझे वडील त्या मैदानावर रेघा मारायचे. सगळे त्यांना रेघवाले म्हणत. सामन्याच्या दिवशी ते पहाटे जात, खुंट्या ठोकत, दोरी ताणत आणि फक्कीची, म्हणजे चुन्याच्या भुकटीची, एकचाकी गाडी दोरीलगत ढकलत नेत. त्यांची रेघ इतकी सरळ, की लोक म्हणायचे, हिच्यावर मुंगी चालली तर तीही शिस्तीत जाईल. मात्र पूर्वेच्या गोलाच्या डाव्या कोपऱ्यात, निशाणाच्या अलीकडे पाच पावलांवर, त्यांची रेघ चार बोटं बाहेर वाकली होती. तो वाक माझ्यामुळे पडला होता. वीस वर्षांपूर्वी पाहिला तेव्हा तो तिथे होता. उद्या तो जाणार होता, आणि जायच्या आधी मला तो एकदा पाहायचा होता.

यातलं मी नातीला निम्मंच सांगितलं. वडील, फक्की, कोपऱ्यातला वाक. तो कुणामुळे पडला हे गाळलं. माणूस म्हातारा झाला तरी आपली चूक सांगायची म्हटलं की जीभ जड होते.

साडेबाराला निघालो. पहिली बस तिने अगदी झोकात पकडली. कंडक्टरकडे बघून म्हणाली, "दोन. जुन्या पुलापर्यंत. हे माझ्याबरोबर आहेत." कंडक्टरने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "त्यांचा हात धर हो, हरवतील."

जुन्या पुलापाशी उतरलो. मध्ये गाड्या इतक्या खोळंबल्या होत्या, की दोन वाजत आले. इथून सत्तावीस नंबरची बस थेट स्टेडियमच्या दारात जाते. माझ्या लहानपणी इथे नुसता रस्ता होता. अलीकडच्या थांब्यावरची बस गोदीकडे, पलीकडच्या थांब्यावरची स्टेडियमकडे. आता रस्त्याखालून भुयारी वाट केली आहे. तिच्यात उतरलं की चार जिने दिसतात, आणि बाहेर आल्यावर आपण कुठल्या बाजूला आलो हे मोठ्या माणसालाही समजत नाही.

प्रश्नपत्रिका खाली उतरली, दोनदा वळली आणि एका जिन्याने धडाधड वर गेली. मी मागून गेलो. वर आलो तेव्हा पूल उजव्या हाताला होता. तो डाव्या हाताला हवा होता; आम्ही फिरून पुन्हा गोदीच्याच बाजूला आलो होतो.

"सत्तावीस!" खांबावरच्या पाटीवर बोट ठेवून ती म्हणाली. "बरोबर ना?"

मी आभाळाकडे बघितलं.

"चेहऱ्यावरून पण सांगायचं नाही, हो ना? तुमचा नियमच चुकीचा आहे."

लांबून बस येताना दिसली. गोदीपर्यंत जायला पाऊण तास आणि यायला पाऊण तास. म्हणजे मैदान गेलं. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. पण त्या उघड्या तोंडाकडे ती अशा आशेने बघू लागली, की मला माझ्या वर्गातली सगळी पोरं आठवली. उत्तर फळ्यावर येईपर्यंत पेन्सिल न उचलणारी. पुढच्या महिन्यात शाळेला जाताना याच भुयारात ती एकटी उभी असणार होती. मी खोकल्याचं निमित्त केलं. आम्ही बसमध्ये चढलो.

खिडकीतून ती दुकानं मोजत होती. हळूहळू दुकानं संपली, गोदामं लागली. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा बाहेर. बस शेवटच्या थांब्यावर थांबली, समोर गोदीच्या क्रेन उभ्या होत्या. माणसं उतरली. आम्ही दोघंच बसून राहिलो.

"आजोबा, हे स्टेडियम नाही."

"नाही."

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"पुलापासून."

ती ताडकन उठली. "मग बोलला का नाहीत? चार वाजता बंद होणार आहे ते! तुमच्या बाबांची रेघ होती! हे काय शिकवणं आहे? हा तर दुष्टपणा आहे!" आणि तिने भोकाड पसरलं. ड्रायव्हर आपला चहाचा पेला घेऊन खाली उतरला होता, तोही वळून बघू लागला.

मी तिला थांब्यावरच्या बाकावर बसवलं. रडणं ओसरू दिलं. मग गाळलेला निम्मा भाग सांगितला.

मी तेव्हा तिच्याच वयाचा होतो. सामन्याच्या दिवशी वडिलांचा जेवणाचा डबा पोचवायचं काम थोरल्या बहिणीचं होतं. त्या दिवशी ती तापाने फणफणली होती, म्हणून आईने डबा माझ्या हातात दिला. "पुलापाशी बस बदल. सत्तावीस." मी बदलली. पण ऊन मी म्हणत होतं आणि सावली नेमकी अलीकडच्या थांब्यावर होती, म्हणून मी सावलीत उभा राहिलो. सत्तावीस आली. मी चढलो आणि थेट इथे, या गोदीवर येऊन उतरलो. डबा मांडीवर ठेवून मीही असाच रडलो होतो.

"याच बाकावर?" रडता रडता प्रश्न आलाच.

"तेव्हा बाक नव्हता. दगडावर."

मैदानावर पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. वडिलांनी पहाटेपासून काही खाल्लं नव्हतं. शेवटची रेघ ओढताना त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि गाडी चार बोटं सरकली. चुना एकदा गवतावर पडला की पुसता येत नाही. मी विचारलं, "बाबा, ही रेघ अशी का?" ते म्हणाले, "हात हलला." मग सर्वांत खालच्या पायरीवर बसून त्यांनी गार झालेला डबा शांतपणे खाल्ला. बोटं चाटून पुसल्यावर विचारलं, "पुढच्या वेळी कुठल्या बाजूला उभा राहशील?"

"उन्हाच्या."

"बस्स," ते म्हणाले. त्यानंतर जन्मभर त्यांनी तो विषय काढला नाही.

चुन्याने तिथलं गवत जळलं आणि जमिनीत चर पडला. शेजारून सरळ रेघ मारली असती तर एकाच्या दोन दिसल्या असत्या. म्हणून पुढच्या सामन्याला वडिलांनी त्याच चरातून गाडी नेली, आणि ते निवृत्त झाल्यावर त्यांच्या जागी आलेल्यानेही तेच केलं.

नातीने नाक पुसलं. बाकावरून उतरली आणि सरळ ड्रायव्हरसमोर जाऊन उभी राहिली.

"काका, आम्ही उलटे आलो. स्टेडियमला सर्वांत लवकर कसं जायचं? माझ्या आजोबांना विचारू नका, ते सांगत नाहीत."

ड्रायव्हर हसला. "बसने गेलीस तर चार वाजून जातील. त्या गोदामामागे मेट्रो आहे. लाल मार्गाची. पाच स्टेशनं मोज, सहाव्याला उतर, मग निळा मार्ग. गाडीत बसण्याआधी पाटी वाच, ती कुठल्या टोकाला जाते ते. नुसता रंग बघू नकोस."

"नुसता नंबर बघितला म्हणूनच हे झालं," ती म्हणाली.

मग तिने मला पळवलं. प्रत्येक फलाटावर ती आधी पाटीखाली उभी राहून टोकाचं नाव मोठ्याने वाचायची, कुणातरी बाईंना विचारून खात्री करायची आणि मगच मला चढू द्यायची. गाडीत बोटं मुडपून स्टेशनं मोजायची. चारला पाच कमी असताना आम्ही स्टेडियमच्या स्टेशनात उतरलो. पण सरकता जिना बंद होता आणि समोर साध्या चौऱ्याण्णव पायऱ्या होत्या. ती धावत वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. पुढची पंधरा मिनिटं माझ्या गुडघ्यांनी खाल्ली. त्याचा दोष तिच्या माथी नाही, हे मी तिला नंतर हिशेब करून सांगितलं.

फाटक बंद झालं होतं. कुलूप लावून एक बाई निघाल्या होत्या. चाळिशीच्या, पायांत चिखलाचे रबरी बूट, कमरेला किल्ल्यांचा जुडगा.

"संपलं हो काका. चार वाजले."

"बाई, फक्त एक रेघ बघायची आहे," नात म्हणाली. "पूर्वेच्या गोलाची. डाव्या कोपऱ्यातली. वाकडी आहे ती."

बाई थबकल्या. "ती तुला गं कशी माहीत?"

"तुम्हाला माहीत आहे?"

"मला? अगं, बारा वर्षं रोज हे मैदान राखते मी. त्या वाकात गाडी घालूनच मी हे काम शिकले. या."

त्यांनी बाजूचं छोटं दार उघडलं. बोगद्यातून आम्ही बाहेर आलो आणि समोर सगळं हिरवं पसरलं. चाळीस हजार खुर्च्या रिकाम्या. मी बूट काढले. का काढले, कुणास ठाऊक. नातीनेही काढले.

वाक तिथेच होता. निशाणाच्या अलीकडे पाच पावलांवर. मी खाली बसलो आणि बोटं टेकवून पाहिली. चार बोटं. लहानपणी मोजली होती तेव्हा सहा भरली होती, मग वडिलांनी त्यांचा हात ठेवला होता. आता माझा हात त्यांच्याएवढा झाला होता.

बाई कौतुकाने सांगू लागल्या, "याला आम्ही निचऱ्याचा वाक म्हणतो. पहिल्या रेघवाल्यांनी मुद्दाम काढला, या कोपऱ्यातलं पाणी उतरावं म्हणून. फार डोकेबाज माणूस होता म्हणे. माझ्या उस्तादांनी मला सांगितलं, मी माझ्या हाताखालच्यांना सांगते."

नातीने माझ्याकडे झटकन पाहिलं. डोळ्यांत सगळं मावेनासं झालं होतं. पण तिने दोन्ही ओठ घट्ट मिटले आणि आभाळाकडे बघितलं. अगदी माझ्यासारखं.

गप्प बसलो असतो तर वडील डोकेबाज राहिले असते. पण ज्या माणसाने आपल्या चुकीला कधी हुशारीचं नाव दिलं नाही, त्याला दुसऱ्याने दिलेलं ते मी कसं राहू देऊ?

"बाई," मी म्हणालो, "पाण्याबिण्याचं काही नाही. त्यांना भूक लागली होती. त्या दिवशी डबा उशिरा आला."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"डबा माझ्याकडे होता. मी उलट्या बाजूच्या बसमध्ये बसलो होतो."

बाईंनी एकदा रेघेकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मग पदराने तोंड दाबून हसायला लागल्या, हसता हसता डोळे पुसले. "आणि आम्ही इतकी वर्षं इथे ढोपरं टेकून पाणी कुठून उतरतं ते शोधतोय!"

"पण उतरतं का?" प्रश्नपत्रिकेने विचारलं.

"उतरतं गं. तेच तर नवल."

मग त्या खोलीकडे गेल्या आणि फक्कीची गाडी ढकलत आल्या. लोखंडी, एकाच चाकाची, मुठीजवळ रंग उडालेली. "उद्या हिला भंगारात न्यायचंय. थोडी फक्की उरली आहे. पोरी, चालवतेस? नाहीतरी पहाटे सगळं उखडायचंच आहे."

नातीने मूठ धरली. गाडी तिच्या छातीपर्यंत येत होती. मधल्या रेघेपासून ती निघाली, जीभ बाहेर काढून, अनवाणी, आणि मागे ताजी पांढरी रेघ उमटत गेली. कोपरा जवळ आला. वाकाच्या तोंडाशी ती थांबली. जुनी रेघ डावीकडे सरकत होती, समोर सरळ गवत होतं.

"आजोबा," मान न वळवता तिने विचारलं, "सरळ नेऊ की वाकडी?"

बाई माझ्याकडे बघत होत्या. दिवसभर सांभाळलेला नियम मी तिथे मोडला.

"वाकडी," मी म्हणालो.