मिलची छुट्टी

दोरीवर वडिलांचा सदरा वाळत घालताना हृषीकेशचे हात थांबले. ऊन नेहमीचेच होते. समोरच्या पत्र्यांवरून ते सावकाश खाली उतरले, नळाखालच्या बादलीच्या कडेवर क्षणभर थरथरले, आणि मिलच्या चिमणीची लांब सावली चाळीच्या भिंतीवर टेकवून अंगणात पसरले. त्यात काजळीचा कणही नव्हता. पूर्वी चिमणीच्या धुराने सदरा वाळेपर्यंत करडा होई. हिवाळ्यात हवा स्वच्छच असते, असे त्याने मनाशी म्हटले.

वडील चपला घालून दाराशी उभे होते.

“सांवेर रोडवाल्यांना आज जवाब द्यायचाय. गोडाऊनचं काम आहे. आज नाही गेलो तर दुसरा माणूस घेतील.”

“जन्मभर लूम सांभाळलेत तुम्ही. आता पोती मोजणार? मिलला छुट्टी आहे, बाबा. खुलेल.”

“दोन दिवाळ्या झाल्या, हृषी. इतकी लंबी छुट्टी?”

“खुलेल.”

“तू म्हणशील तसं.” वडिलांनी चपला काढल्या आणि भिंतीशी नीट जोडून ठेवल्या.

भंवरकुआंजवळच्या विद्यापीठात, संगणक केंद्राच्या गच्चीवर, उपग्रहाचे संदेश झेलणारी मोठी पांढरी तबकडी आकाशाकडे तोंड करून उभी होती. जगभरातल्या विद्यापीठांच्या जाळ्याला आज ती पहिल्यांदा जोडली जाणार होती. हृषीकेश आणि त्याची सहकारी पूर्णिमा श्वास रोखून पडद्यासमोर बसले. बराच वेळ नुसता चौकोन लुकलुकत राहिला. मग अक्षरे उमटली. नॉर्वेतल्या एका विद्यापीठातून एरिक नावाच्या कुणी लिहिले होते: ‘नमस्कार, इंदूर. तुम्ही पोहोचलात.’

“अरे भिया, लागली लाइन!” पूर्णिमा खुर्चीतून उडालीच. “विचार ना एरिकजींना, पोहे-जलेबी मिळते का तिकडे!”

चार माणसांत ज्याच्या तोंडून शब्द फुटत नसे, त्या हृषीकेशची बोटे आता धावू लागली. एकेक ओळ आकाशात चढून समुद्रांपलीकडे उतरत होती, आणि चहाचा घोट गिळेपर्यंत तिचे उत्तर परत येत होते. आता कुठलेच गाव कोपऱ्यात उरणार नव्हते.

‘तुमचे गाव कशासाठी प्रसिद्ध आहे?’ एरिकने विचारले.

‘कापडाच्या गिरण्यांसाठी. माझे वडील विणाई खात्यात आहेत.’

‘म्हणजे आत्ता ते कामावर असतील?’

हृषीकेश अडला. घरात रोज उच्चारला जाणारा शब्द त्याने इंग्रजीत शोधला. ‘नाही. मिलला हॉलिडे आहे.’

उत्तर लगेच आले.

‘वा! कोणता सण?’

पूर्णिमा हसत पुढे वाकली, तिने ओळ वाचली, आणि तिचे हसू मावळले. हृषीकेशने आपल्या सदऱ्याच्या कॉलरवरून बोट फिरवले. बोट कोरडे, स्वच्छ होते.

‘कोणताच नाही,’ त्याने लिहिले, आणि तो उठला.

“मी घरी जाऊन येतो. बाबांना सांवेर रोडला निघायला हवं.”

“आत्ता? अरे, लाइन आत्ता कुठे लागलीये!”

“मिल बंद पडली आहे,” तो म्हणाला.