पुसलेली फुली

दुपारी तीनच्या सुमारास भंगारवाल्याने दुकानापुढे टेम्पो लावला आणि खाली उतरून म्हणाला, “वहिनी, उस्तादांनी एक फुलीवाला टायर न्यायला सांगितलंय. द्या काढून.”

वहिनीने सकाळपासून फुली असलेला एकही टायर पाहिला नव्हता.

उस्ताद म्हणजे तिचा नवरा. सगळा रस्ता त्याला उस्ताद म्हणायचा, म्हणून ही सगळ्यांची वहिनी. टायरचं दुकान दोघं मिळून चालवत. टायर वाया गेलेला दिसला की उस्ताद त्यावर खडूने पांढरी फुली मारायचा. मग तो टायर कुठल्याही गाडीला लागायचा नाही, सरळ भंगारात. वहिनीची रीत वेगळी. रोज सकाळी मांडणीवरचे जुने टायर साबणाच्या पाण्याने पुसून, वर काळं पॉलिश मारून ती चकचकीत करायची. गिऱ्हाइकाला आधी डोळ्यांनी पटलं पाहिजे, असं तिचं म्हणणं. अकरा वर्षं या दोन रीती एकमेकींच्या वाटेला गेल्या नव्हत्या, कारण फुलीचा टायर लगेच मागच्या कोपऱ्यात जायचा. काल संध्याकाळी मात्र उस्तादची पाठ धरली होती. त्याने फुली मारली आणि टायर होता तिथेच ठेवला.

आणि आज सकाळी वहिनीने एका टायरच्या खालच्या कडेला पांढरा डाग पाहिला होता. काय ही घाण, म्हणत चांगला घासून काढला होता. आता तिला आठवलं, तो डाग तिरपा होता. फुलीची एकच रेघ उरली होती, दुसरी शेजारच्या टायरला घासून आधीच गेली होती.

“एक मिनिट हं,” ती भंगारवाल्याला म्हणाली आणि मांडणीकडे धावली.

काल एकाच गाडीचे चार टायर आले होते. तिघांना काही झालं नव्हतं, चौथ्याला आतल्या बाजूने रबर सुटून फुगा आला होता. आता मांडणीवर तीनच होते. तिने एकेकाच्या आत हात घालून कड चाचपली. पहिला गुळगुळीत. दुसराही. तिसऱ्याच्या आत तिने दोनदा हात फिरवला, कुठेतरी फुगा लागावा म्हणून जवळजवळ देवाला गळ घातली. काही लागलं नाही.

म्हणजे फुग्याचा टायर अर्ध्या तासापूर्वी सिस्टरच्या गाडीला लागला होता.

सिस्टर म्हणजे डोंगरावरच्या दवाखान्यातली नर्स. खाली औषधं न्यायला आली होती, गावाबाहेरच्या खड्ड्यात चाक आपटून टायर चिरला. तिची गाडी चारही चाकांना जोर देणारी. अशा गाडीला तीन झिजलेले आणि एक कोरा टायर चालत नाही. कोरा उंच, बाकीचे बुटके, आणि ती ओढाताण पुढच्या-मागच्या चाकांना जोडणाऱ्या मधल्या क्लचला सोसावी लागते. हे उस्ताद गिऱ्हाइकांना इतक्या वेळा समजावून सांगायचा की वहिनीने झोपेतसुद्धा म्हणून दाखवलं असतं. म्हणून त्याने बाकीच्या तिघांची झीज मोजली आणि तेवढाच झिजलेला टायर मांडणीवरून उचलला. एरवी तो टायर बसवण्याआधी आतून हात फिरवायचाच. पण वर एक बाई बाळंतपणात अडली होती, सिस्टर घड्याळाकडे बघत होती, आणि टायरवर फुली नव्हती. त्याने टायर बसवला, सिस्टरला वाटेला लावलं आणि लगेच गोदामातून नवा माल आणायला निघून गेला.

वहिनीने सिस्टरचा नंबर लावला.

“बोला वहिनी.” मागे गाडीचा आवाज येत होता.

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते तिच्या ओठांवर आलं आणि तिथेच अडकलं. तिच्या डोळ्यांपुढे दुकानाची पाटी उभी राहिली, उस्तादचं नाव उभं राहिलं. जिला दिवसाला दहा माणसं भेटतात ती सिस्टर उद्या काय सांगत फिरेल, तेही उभं राहिलं.

“सिस्टर, तुमच्या चाकाचा एक नट... जरा घट्ट करायचा राहिलाय. परत फिरता का?”

“अहो, नटाचं काय घेऊन बसलात! घाट सुरू झाला माझा. वर पहिलटकरीण आहे, कंपाउंडर एकटा घाबरलाय. परत येताना करू.”

“नाही, पण सिस्टर...”

फोन कटला. तिने पुन्हा लावला. नंबर लागेना. पुन्हा लावला. घाटात रेंज नसते, हे तिलाही माहीत होतं.

नट! स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली तिला. नटासाठी कोण परत फिरतं? खरं कळलं असतं तर ती बाई तिथल्या तिथे थांबली असती.

“टायर सापडला का?” भंगारवाल्याने विचारलं.

“चढाला फुगा फुटला तर काय होतं हो?”

“कुठल्या चाकाचा?”

“पुढच्या. डाव्या.”

“मग गाडी डावीकडे ओढते,” तो सहज म्हणाला. मग त्याला काय ते उमगलं असावं. घाटात डावीकडे दरी होती.

तिने उस्तादला फोन केला. वाजत राहिला. चालवताना फोन उचलायचा नाही ही त्याची शिस्त, आणि एरवी तिला तिचा केवढा अभिमान. आज मात्र तिने त्या शिस्तीला मनातल्या मनात वाट्टेल ते सुनावलं. पुन्हा सिस्टर. नाही. पुन्हा. तिने मनाशी वळणं मोजायला घेतली, पाचव्या वळणाला तिच्या कानात धाडकन आवाज झाला आणि तिने मोजणं सोडून दिलं. आवाज रस्त्यावरच्या कुठल्यातरी शटरचा होता.

चौदाव्या वेळी फोन तिच्याच हातात वाजला.

“वहिनी, इथे टाकीच्या वळणावर रेंज येते म्हणून थांबून दवाखान्यात फोन केला, तर तुमचे एवढे मिस्ड कॉल! झालंय काय?”

“गाडी हलवू नका,” वहिनी ओरडलीच. “नटाचं खोटं होतं. पुढच्या डाव्या टायरला आतून फुगा आहे. तो भंगारातला टायर आहे. फुली मी पुसली, सिस्टर. मी.”

“अजून आठ किलोमीटर आहेत,” सिस्टर म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. “त्या पोरीला रक्त जायला लागलंय. हळू नेली तर चालेल का? तुम्हाला कळतं त्यातलं.”

अकरा वर्षांत वहिनीला असं कुणी विचारलं नव्हतं.

“नाही. त्या टायरवर एक फूटही नको. स्टेपनी लावा.”

“स्टेपनी लहान आहे. उस्ताद म्हणाले होते, या गाडीला ती चढावर लावायची नाही, क्लच जळतो.”

“जळू दे! आम्ही नवा बसवून देऊ. हँडब्रेक ओढा. मागच्या चाकांना मोठे दगड लावा. दोन्ही चाकांना. लावले? आता जॅक लावायच्या आधी नट सैल करा. आधी, हं. पान्यावर पाय देऊन उभ्या राहा.”

वहिनी सांगत होती, सिस्टर धापा टाकत करत होती. मध्येच दगड सरकल्याचा आवाज आला. भंगारवाला दोन्ही हात डोक्यावर घेऊन समोर उभा होता. मग चाक जमिनीवर पडल्याचा धप्प आवाज आला.

“लागला हाताला,” सिस्टर म्हणाली. “बाई गं, केवढा आहे. यावर मी अकरा वळणं आले?”

स्टेपनी बसली, नट आवळले. मग सिस्टरने विचारलं, “मघाशी नट का म्हणालात?”

“घाबरले होते.”

“माझ्यासाठी?”

हो म्हणणं किती सोपं होतं. वहिनीने डोळे मिटले.

“नाही. आधी दुकानासाठी. तुमच्यासाठी नंतर.”

गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला.

“निघू मग मी? आता काही राहिलं नाही ना?”

राहिलं होतं. ते वहिनीला त्याच क्षणी सुचलं. खड्ड्यात चाक एक आपटलं, की दोन?

“थांबा. बाकीच्या तिन्ही टायरना आतून, गाडीकडच्या बाजूने, हात लावून बघा. त्यांनी फक्त झीज मोजली. आतून कुणीच बघितलेलं नाही.”

“वहिनी, ती पोरगी तिकडे...”

“मला माहीत आहे. तरी बघा.”

वहिनी जमिनीवरच बसली, फोन कानाशी घट्ट धरून. खडीवर पावलं वाजत होती.

“उजवा ठीक.” पावलं. “मागचा उजवाही ठीक.”

मग पावलं थांबली.

“सिस्टर?”

“मागच्या डाव्याला,” सिस्टर हळू आवाजात म्हणाली, “काहीतरी लागतंय. आणि वहिनी, स्टेपनी एकच आहे.”