करपलेल्या पावाचा डबा

मित्रांनो, मी पाव भाजायचा जुना लोखंडी डबा. एरवी मी थापा मारतो. पण आजची गोष्ट सांगताना माझं झाकण अजून थरथरतं, म्हणून ती खरी समजा.

आइसलँडात ज्वालामुखीच्या पायथ्याशी आमचं गरम पाण्याचं कुंड. काठच्या गरम काळ्या वाळूत माझी मालकीण स्टाइनून मला पीठ भरून रोज सकाळी पुरायची. दुसऱ्या दिवशी उकरलं की आत राय धान्याचा गोडसर, तपकिरी पाव. वासानं कुंडातली माणसं माना वळवायची. काय तो माझा तोरा!

मग एकदा पाव करपला. पुढच्या खेपेला नुसता कोळसा. "तळ गेला मेल्याचा," म्हणून स्टाइनूननं मला दगडावर आपटलं. खालची जमीन दिवसेंदिवस जास्तच तापतेय, हे एकट्या मला कळत होतं. पण डब्याला वाचा कुठली?

त्या सकाळी तिनं नवं पीठ भरून मला पुन्हा पुरलं आणि कोळसा झालेला पाव घेऊन कुंडात उतरली. मला उकरायचं काम तिच्या म्हाताऱ्या धाकट्या भावाचं, ओड्दुरचं. तो आधीच गळ्यापर्यंत पाण्यात होता.

"उकरायला उशीर केलास तू," स्टाइनून म्हणाली.

"मी? काल इथं गप्पा कोण छाटत होतं, ताई?"

आमच्या गावात कुंडातलं भांडण कुंडातच मिटवतात. जो आधी बाहेर पडेल, तो हरला.

"पाणी आज कडक आहे गं."

"मग हरलो म्हण आणि नीघ."

"तूच नीघ. उकडलेल्या कोळंबीसारखी दिसतेयस."

दोघं हटेनात. माझ्याखाली जमीन फुसफुसू लागली. पोटातलं पीठ कडेनं करपू लागलं. ओड्दुरचे गुडघे कामातून गेलेले. त्याला पटकन उठताही येत नव्हतं.

तोच खालून वाफेचा लोट आला. माझं झाकण ढगांपर्यंत उडालं. बरं, तुम्ही पुरुषभर उंच म्हणा. ते खाडकन कुंडाच्या कठड्यावर आदळलं. स्टाइनूननं वाळूतून उसळणारी वाफ पाहिली, मग हातातला कोळसा पाहिला.

"ओड्दुर, मी हरले," ती हळूच म्हणाली. "ऊठ."

जन्मात ताईच्या तोंडून न ऐकलेले शब्द. म्हातारा पाण्याला नव्हे, त्या शब्दांना घाबरला. तिनं बगलेत हात घालून त्याला ओढत वर काढलं. ती दोघं कपड्यांपाशी पोचतात न पोचतात, तोच कुंड खदखदा उकळलं.

आता कुंड बंद आहे आणि मी फळीवर गंजत पडलोय. मित्रांनो, रोजचं भांडं एकाएकी बिघडलं, तर त्याला आपटण्याआधी त्याच्याखाली काय चाललंय ते बघा. भीती आम्हालाही वाटते. आम्हाला ती सांगता येत नाही. फक्त पाव करपवता येतो.